मूळव्याध समजून चौदा महिने गेले: आतड्यातले जिवाणू आणि कर्करोगाची वेळीच ओळख

सातपुडा_पायथा
४ मे, रात्री १०:२०

रामराम मंडळी.

हा धागा काढायला मला दोन वर्षं लागली. विषय संडासचा आहे, घरातल्या माणसाचा आहे, आणि आपल्याकडे या दोन्हींबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. पण आता लिहितेच.

आमचे नाना, म्हणजे माझे सख्खे मोठे भाऊ. रावेर तालुक्यात केळीची शेती. वय तेव्हा ४५. संडासला गेले की लाल रक्त पडायचं. पहिले दोन महिने त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नाही. मग वहिनीला सांगितलं. गावातल्या डॉक्टरांनी तक्रार ऐकली आणि मूळव्याधीच्या गोळ्या आणि मलम लिहून दिलं. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. मग तालुक्याच्या गावी दाखवलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका ‘बिनाऑपरेशन’वाल्याकडे इंजेक्शनं घेतली. तिखट बंद, शेवभाजी बंद, वांगं बंद. असे चौदा महिने. तीन ठिकाणी दाखवलं, आणि तिन्हीपैकी एकाही ठिकाणी कुणी हातमोजा घालून बोटाने तपासलं नाही. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो.

शेवटी घड वाहताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन ७.६ निघालं. जळगावच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा बोटाने तपासलं, आणि गाठ त्यांच्या बोटाला लागली. पुढे दुर्बीण, तुकड्याची तपासणी, एमआरआय. गुदाशयाचा कर्करोग, तिसरी स्टेज. मुंबईला पाच आठवडे शेक (रेडिएशन) आणि सोबत किमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन, मग काही महिने पोटावर पिशवी, मग ती काढायचं दुसरं ऑपरेशन. आज नाना बागेत जातात. पूर्वीसारखी ताकद नाही, दिवसातून पाच-सहा वेळा संडासला जावं लागतं, पण आहेत.

मुंबईत धर्मशाळेच्या खोलीत रात्री झोप यायची नाही. मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे वाचत बसायचे. एका गोष्टीने मला धरून ठेवलं: आपल्या आतड्यातले जिवाणू आणि हा कर्करोग यांचं नातं.

मोठ्या आतड्याचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी एक छोटा कोंब येतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. त्यातल्या काहींची गाठ होते, आणि या प्रवासाला बहुतेकदा दहाएक वर्षं लागतात. एवढा वेळ हा आजार आपल्याला देतो. त्या काळात कोंब सापडला तर दुर्बिणीतूनच कापून काढतात, म्हणजे कर्करोग होण्याआधीच संपतो.

आता जिवाणूंकडे येते. २०१२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन वेगवेगळ्या गटांनी आतड्याच्या गाठींमधलं जनुकीय द्रव्य वाचलं. दोघांनाही एकच पाहुणा भरपूर सापडला: फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा खरं तर तोंडातला जिवाणू, हिरड्यांच्या आजारात वाढणारा. तो आतड्यातल्या गाठीत काय करतोय? नंतर कळत गेलं की त्याच्या अंगावर अशी प्रथिनं आहेत जी गाठीच्या पेशींना नेमकी चिकटतात. २०१९ मध्ये युरोप, अमेरिका, चीन अशा ठिकाणच्या आठ अभ्यासांतले मिळून ७६८ शौचाचे नमुने एकत्र तपासले गेले, तेव्हा २९ प्रजाती कर्करोगाच्या रुग्णांत सातत्याने वाढलेल्या दिसल्या. म्हणजे देश वेगळे, जेवण वेगळं, तरी खूण बऱ्यापैकी सारखी. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या गटाने सांगितलं की जिवाणूंच्या उपप्रजातींपर्यंत खोल जाऊन, संगणकाला शिकवून, फक्त शौचाच्या नमुन्यावरून सुमारे ९० टक्के कर्करोग ओळखता आले.

मला एवढंच विचारायचंय: ही तपासणी आपल्यापर्यंत यायला काय काय लागेल? आणि ती येईपर्यंत आपल्या गावांत, जिथे माणूस रक्त पडलं तरी वर्षभर बोलत नाही, तिथे काय करायचं? इथे डॉक्टर, लॅबवाले, सिस्टर असे बरेच जण आहेत. मोकळेपणाने लिहा.


केळीवखार
४ मे, रात्री ११:०५

ताई, वाचून गप्प झालो. आमच्या यावलच्या मामांचं असंच झालं. त्यांना वेळ मिळाला नाही. पाच महिने मलम लावत होते.


पेट्रीडिश
५ मे, सकाळी ७:५०

ताई, आधी नानांना नमस्कार सांगा.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, जळगावात. तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, पण एका जागी सावध करतो. जिवाणू गाठीत सापडला म्हणजे त्यानेच गाठ केली असं नाही. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी असतो, रक्त पाझरतं, तिथे काही जिवाणूंना आयतं घर मिळतं. चोराच्या घरात सापडलेला प्रत्येक माणूस चोर नसतो. मात्र ओळख पटवायला हा फरक आड येत नाही. धूर आग लावत नाही, तरी धुरावरून आग कळते.

आणि ही धुराची गोष्ट नवीन नाही. स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा जिवाणू, ज्याच्या एका प्रकाराला आता गॅलोलिटिकस म्हणतात, हृदयाच्या झडपेला संसर्ग करतो. अशा रुग्णाला आतड्याचा कर्करोगही असल्याची नोंद १९५१ मध्येच झाली होती, आणि १९७७ च्या अभ्यासाने हे नातं पक्कं केलं. आजही हा जिवाणू रक्तात सापडला की हृदयाचे डॉक्टर रुग्णाला आतड्याच्या दुर्बिणीसाठी पाठवतात. जिवाणूवरून कर्करोग शोधायची ही सर्वांत जुनी, रोज वापरली जाणारी रीत आहे.

काही जिवाणू मात्र नुसता धूर नाहीत. ई. कोलाय प्रत्येकाच्या पोटात असतो आणि बहुतेक निरुपद्रवी असतो. पण त्यातले काही कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात, आणि ते थेट आपल्या पेशीच्या डीएनएवर घाव घालतं. २०२० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर दाखवलं गेलं की या घावाचा ठसा वेगळा ओळखता येतो. मग २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींचा डीएनए वाचला. चाळिशीच्या आत कर्करोग झालेल्यांत हा ठसा सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा ३.३ पट जास्त सापडला. संशोधकांच्या मते हे घाव लहानपणी, दहा वर्षांच्या आत बसलेले असावेत. जगभर तरुणांमध्ये हा कर्करोग का वाढतोय, याचं एक उत्तर इथे असू शकतं.

उपप्रजाती हा शब्द काहींना जड जाईल. आपल्या भाषेत सांगतो. केळी म्हटलं म्हणून सगळी केळी एक नाही. बसराई वेगळी, श्रीमंती वेगळी, ग्रँड नैन वेगळी. उंची, घड, रोग, सगळं वेगळं. व्यापाऱ्याला नुसतं ‘केळी’ सांगून चालतं का? तसंच ‘पोटात ई. कोलाय आहे’ यातून काहीच कळत नाही. कुठला, हे कळायला हवं. फ्युसोबॅक्टेरियमचंही तेच. २०२४ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी दाखवलं की त्याच्या एका उपप्रजातीच्या दोन शाखांपैकी एकच शाखा गाठींत भरते, आणि ती त्यांना तपासलेल्या सुमारे निम्म्या गाठींत सापडली. ही शाखा जठरातलं आम्ल सोसू शकते, म्हणून बहुधा तोंडातून खाली पोचते.


एरंडोल_नवा
५ मे, सकाळी ९:३०

मग अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन हे जिवाणू मारून टाकता येणार नाहीत का? मेट्रोनिडाझोल तर सगळ्यांच्या घरात असतं. आणि ऑनलाइन ‘पोटाची जिवाणू चाचणी’ म्हणून किट मिळतं, त्याने कर्करोग कळेल का? घ्यावं म्हणतोय. माझ्या वडिलांना आतड्याचा कर्करोग होता.


पेट्रीडिश
५ मे, सकाळी १०:१५

दादा, कृपा करून असा कोर्स घेऊ नका. तुम्ही म्हणता तो प्रयोग झालाय, २०१७ मध्ये, पण उंदरांवर. ज्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम होता, त्यांची वाढ मेट्रोनिडाझोलने मंदावली. माणसांसाठी हा उपचार नाही. गोळी वाईट जिवाणूंबरोबर आतड्याचं रक्षण करणारेही मारते.

बाजारातल्या किटबद्दल: त्या रिपोर्टात रंगीत चकत्या असतात, ‘विविधता’ कमी-जास्त लिहिलेली असते. कर्करोगाचं निदान करायला ती चाचणी बनलेलीच नसते. रिपोर्ट चांगला आला म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, तर ते पैसे वाया गेल्यापेक्षा वाईट. वडिलांना होता म्हणताय, तर तुम्हाला दुर्बिणीबद्दलच विचारायला हवं. डॉक्टर सांगतील.


पांझराकाठचा_सर्जन
५ मे, दुपारी ३:४०

ओपीडी संपवून लिहितोय.

ताई, तुमच्या नानांना तीन ठिकाणी बोटाने तपासलं नाही, याची लाज आम्हा डॉक्टरांना वाटली पाहिजे. ही तपासणी एका मिनिटाची आहे. हातमोजा आणि थोडी जेली लागते. आपल्याकडे तिचं महत्त्व अजून जास्त, कारण मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१७ मध्ये आपल्या ८०० रुग्णांचा हिशोब मांडला, त्यात गाठ सर्वाधिक वेळा गुदाशयात होती, ४२ टक्के. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. आणि रुग्णांचं सरासरी वय होतं ४७. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा आजार मानतात. आपल्याकडे ‘एवढ्या तरुण माणसाला कसला कर्करोग’ म्हणून मलम लिहून देतात, तिथेच घात होतो.

मूळव्याध असते तेव्हाही आत गाठ असू शकते. दोन्ही एकत्र असलेले रुग्ण मी स्वतः पाहिलेत. त्यामुळे बाहेर मोड दिसले म्हणून आत बघणं थांबवायचं नाही.

आता ९० टक्क्यांबद्दल. आकडा ऐकून मलाही आनंद झाला, पण तो कसा वाचायचा ते सांगतो. असे अभ्यास सुरुवातीला आजार माहीत असलेल्या रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या नमुन्यांवर होतात. गावात मात्र हजार माणसं बसवली तर त्यात कर्करोग असलेले दोनच असतील, असं समजा. चाचणीने निरोगी माणसांतल्या शंभरातल्या नव्वदांना बरोबर निरोगी म्हटलं, तरी उरलेल्या ९९८ पैकी जवळजवळ शंभर जणांना उगाच ‘संशयित’ शिक्का बसेल. त्या शंभरांना दुर्बीण करायला आपल्या जिल्ह्यात यंत्रं आणि हात किती? म्हणून जिनिव्हाच्या लोकांनी पुढची पायरी रुग्णालयात चाचणी करून बघण्याची ठेवलीय, ते योग्यच.

आज हातात काय आहे? फिट नावाची साधी तपासणी. शौचात डोळ्याला न दिसणारं माणसाचं रक्त ती शोधते. एका वेळी केली तर शंभरातले सुमारे ७९ कर्करोग सापडतात. कोंब मात्र ती बरेच चुकवते, कारण सगळे कोंब रक्त गाळत नाहीत. जिवाणूंच्या चाचणीकडून मला खरी आशा इथेच आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेल्या एका शौचचाचणीत रक्ताबरोबर गाठीतून गळालेला माणसाचा डीएनए बघतात. तिने ९२ टक्के कर्करोग पकडले, तेव्हा फिटने ७४. पण धोकादायक कोंबांच्या बाबतीत ४२ विरुद्ध २४. म्हणजे तीही निम्म्याहून जास्त कोंब चुकवते. हाँगकाँगमध्ये कोंब पकडण्यासाठी जिवाणूंचे ठसे शोधलेत, आणि फिटबरोबर जोडून ते कसे चालतात हे तपासताहेत.

जपानने १९९२ पासून देशभर चाळिशीनंतर शौचातल्या रक्ताची ही तपासणी सुरू केली. अमेरिकेने २०२१ मध्ये सुरुवातीचं वय ५० वरून ४५ केलं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग तपासतात, आतडं त्यात नाही. म्हणजे तुमच्या दारात कुणी विचारायला येणार नाही, तुम्हालाच दवाखान्यात यावं लागेल.

आणि एक. रक्त डोळ्याला दिसतंय, संडासची सवय महिनाभर बदललीय, सारखं जाऊन येऊनही कोठा साफ वाटत नाही, वजन उतरलंय, किंवा पुरुषाचं हिमोग्लोबिन कारण नसताना कमी निघालंय, तर घरी फिट करून ‘निगेटिव्ह आली’ म्हणून बसू नका. आधी बोटाची तपासणी, मग दुर्बीण.

एरंडोलच्या दादांना: सख्ख्या नात्यात कुणाला हा कर्करोग साठीच्या आत झाला असेल, तर वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्या माणसाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा दुर्बीण करावी. पुढे दर पाच वर्षांनी.


लोकोशेड_भुसावळ
५ मे, सायंकाळी ७:१०

मी लॅबमध्ये काम करतो. कुणी बोलत नाही ती गोष्ट सांगतो: ऊन.

फिटच्या बाटलीत एक द्रावण असतं, त्यात नमुना टाकतात. उष्णतेने त्यातलं रक्ताचं प्रथिन खराब होत जातं. इटलीतल्या अभ्यासात दिसलं की उन्हाळ्यात नमुन्यांत मोजलेलं प्रमाण कमी येतं आणि पॉझिटिव्ह निघणारेही कमी होतात. म्हणजे आजार आहे, पण चाचणी गप्प. आता इटलीचा उन्हाळा तो केवढा? आपल्या भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गावाकडून नमुना घेऊन माणूस एसटीने निघतो, बाटली शर्टाच्या खिशात किंवा डिकीत, दोन-तीन तासांनी माझ्यापुढे येते. काय मोजणार मी?

म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना सांगतो: सकाळचाच नमुना घ्या, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून थंड ठेवा, ऊन चढायच्या आत लॅबला पोचवा. जमलं तर ही तपासणी दिवाळी ते होळी या काळात करा. आणि लॅबमध्ये नावाने विचारा, ‘इम्युनो पद्धतीची’ आहे का. जुन्या पद्धतीत मटण खाल्लं किंवा कच्चा मुळा खाल्ला तरी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. नव्या पद्धतीत पथ्य लागत नाही, ती फक्त माणसाचंच रक्त ओळखते.

जिवाणूंच्या चाचणीला हा प्रश्न दुप्पट येईल. नमुना बाहेर आला म्हणून सगळे जिवाणू लगेच मरत नाहीत, उलट उष्णतेत काही वाढत राहतात, काही मरतात, आणि मूळ पोटातलं चित्रच बदलून जातं. त्यासाठी डीएनए जसाच्या तसा धरून ठेवणाऱ्या द्रावणाची बाटली लागते किंवा लगेच गोठवावं लागतं. ज्यांना ही चाचणी भारतात आणायचीय, त्यांनी आपला मे महिना धरून ती बनवावी, ही माझी कळकळीची विनंती.


कळणा_भाकर
६ मे, सकाळी ८:००

चर्चा छान चाललीय. पण मला वाटतं आपण उगाच घाबरतोय. आपलं खान्देशी जेवण बघा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मेथी, दादर ज्वारी, ठेचा, वरून ताक. पाश्चात्त्यांसारखं डबाबंद मांस आपण खात नाही. भारतात हा कर्करोग त्यांच्यापेक्षा कमीच आहे ना?


सातपुडा_पायथा
६ मे, दुपारी १:३०

कळणा दादा, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण यात खरं आहे. भाकरीतला कोंडा, भाज्यांतले धागे आपल्याला पचत नाहीत, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न होतं. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावर जगतात. २०१५ चा एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगते. अमेरिकेतल्या वीस आफ्रिकन वंशाच्या लोकांना दोन आठवडे दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातलं धाग्यांनी भरलेलं जेवण दिलं आणि तिथल्या वीस जणांना अमेरिकन जेवण. दोनच आठवड्यांत पहिल्या गटात ब्युटिरेट वाढलं, आतड्याची सूज कमी झाली, आणि दुसऱ्या गटात बरोबर उलटं झालं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्येच प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलंय.

पण दादा, आमचे नाना आयुष्यभर भाकरीच खात आले. शाकाहारी. दारू नाही, फक्त तंबाखू होती. प्रमाण कमी असलं तरी देश एवढा मोठा, की २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला ७० हजारांच्या आसपास नवे रुग्ण धरलेत. माझ्या घरात त्यातला एक होता. जेवण चांगलं ठेवायचंच. पण ‘आपलं जेवण चांगलं आहे’ हेच वाक्य आमच्या घरात चौदा महिने बोललं गेलं.


कळणा_भाकर
६ मे, दुपारी २:१०

ताई, चुकलो. हे वाक्य आमच्या घरातही बोलतात. मीच बोलतो. वय ५१ आहे माझं, आणि संडासची सवय गेले तीन महिने बदललीय. इथे लिहितोय कारण घरी सांगितलं नाही.


पांझराकाठचा_सर्जन
६ मे, दुपारी २:२५

दादा, आजच दाखवा. धुळे, जळगाव, नंदुरबार, जे जवळ असेल तिथे. सरकारी मेडिकल कॉलेज तिन्ही ठिकाणी आहे. बहुतेक वेळा काही साधंच निघतं. पण ते बघून ठरवायचं, अंदाजाने नाही. पुढे खर्चाचा प्रश्न आला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, त्याची काळजी नंतर करू. निघा.


अक्कलकुवा_सिस्टर
६ मे, रात्री ९:४५

मी सातपुड्याच्या भागात काम करते, इथलं वेगळंच आहे. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. पावरा किंवा भिल्ल माणूस पांढरा पडलेला आला की पहिला विचार सिकलसेलचा, दुसरा कुपोषणाचा, तिसरा जंतांचा. तिन्ही खरंच असतात, म्हणून चौथ्या कारणाकडे कुणी जात नाही. गेल्या पावसाळ्यात एक पंचावन्नचे बाबा सहा महिने लोहाच्या गोळ्या खात होते. सिकलसेलची तपासणी निगेटिव्ह होती, ते कार्डावर लिहिलेलंही होतं. तरी हिमोग्लोबिन चढत नव्हतं. आमच्या नव्या मेडिकल ऑफिसरने विचारलं, ‘मग रक्त जातंय कुठे?’ उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ निघाली. उजवीकडची गाठ अशीच असते म्हणे, लाल रक्त दिसत नाही, माणूस नुसता फिका पडत जातो.

त्या दिवसापासून मी लोहाची गोळी देताना ‘संडासला कसं होतं’ हे विचारते. बायका सुरुवातीला पदर तोंडाला लावतात. दुसऱ्यांदा विचारलं की सांगतात.

आणि पेट्रीडिश सर, एक विचारू? या जिवाणूंच्या अभ्यासात आमच्या लोकांचे नमुने आहेत का कुठे? आमचे लोक मोर-भगर ही बारीक तृणधान्यं खातात, मोहाची फुलं खातात, नदीचं पाणी पितात. यांची पोटं जिनिव्हासारखी कशी असतील?


पेट्रीडिश
७ मे, सकाळी ७:२०

सिस्टर, हा या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

२०१९ मध्ये भोपाळच्या आयसर संस्थेने भोपाळ आणि केरळमधले नमुने तपासले, तीस रुग्ण आणि तीस निरोगी. त्यांना आपल्या रुग्णांत फ्लॅव्होनिफ्रॅक्टर प्लॉटी नावाचा जिवाणू ठळक वाढलेला दिसला. हा जिवाणू भाज्या-फळांतली फ्लॅव्होनॉइड द्रव्यं मोडतो, म्हणजे जी द्रव्यं आपलं रक्षण करतात तीच. बाहेरच्या देशांतल्या यादीत हा जिवाणू असा पुढे आलेला नव्हता. म्हणजे खुणा काही समान, काही खास आपल्या. साठ नमुने ही सुरुवात आहे, आणि संगणकाला ज्यांचे नमुने दाखवले त्यांचीच भाषा तो शिकतो. भोपाळ आपल्याच रेल्वे मार्गावर आहे. सातपुड्यातले नमुने तिथवर पोचायला हवेत. मी विभागात हा विषय मांडतोय. तुमच्यासारखी विश्वासातली माणसं सोबत असल्याशिवाय हे होणार नाही.


अमळनेरना_पोऱ्या
७ मे, सकाळी ११:००

ताई, तुम्ही हाई लिखं ते भलतं चांगलं करं. मन्हा काकाले रगत पडे, पन त्या लाजना मारे बोलेतच नही. आते मी हाई गावना ग्रुपवर टाकी दिन्ह. रगत दिसनं का डॉक्टरले दखाडा, लाजू नका.


सातपुडा_पायथा
१९ मे, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. थोडं उशिरा लिहितेय, कारण मधल्या दिवसांत माझीच दुर्बीण झाली.

नानांना ४६ व्या वर्षी निदान झालं, म्हणजे सर्जन साहेबांच्या हिशोबाने आम्हा भावंडांची ३६ व्या वर्षीच व्हायला हवी होती. मी ४२ ची आहे. दोन वर्षं नानांच्या मागे धावताना मी हा नियम वाचला होता आणि स्वतःला लावला नव्हता. या धाग्यावर दुसऱ्यांना सांगताना तो टोचायला लागला.

ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी लिहिते. तपासणीपेक्षा आदल्या दिवशीची तयारी अवघड. आदल्या दिवशी पातळच खायचं, मग पावडरीचं दोन-तीन लिटर पाणी थोडं थोडं करून संपवायचं. गार करून प्यायलं तर चव सोसते. रात्री संडासच्या फेऱ्या, पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत. सकाळी झोपेचं इंजेक्शन दिलं, मला काही कळलंही नाही. एक कोंब सापडला, ६ मिलिमीटरचा, तिथेच काढला. तुकड्याचा रिपोर्ट परवा आला: अडेनोमा, कर्करोग नाही. पाच वर्षांनी पुन्हा यायला सांगितलंय. नाना तरुण वयात आजारी पडले म्हणून त्यांच्या गाठीची आनुवंशिक बाजूने तपासणी झाली होती का, तेही विचारलं. गाठीच्या तुकड्याचा जपून ठेवलेला जुना ब्लॉक मुंबईहून मागवतोय.

रिपोर्ट मी नानांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी धाकट्याला फोन लावला, तो ३८ चा आहे आणि सहा महिन्यांपासून ‘केळी कापणी झाली की बघू’ म्हणतोय. नाना त्याला एवढंच म्हणाले, ‘बागेचं पाणी मी बघतो, तू शुक्रवारी जा.’

शुक्रवारची वेळ घेतलीय.


कळणा_भाकर
१९ मे, रात्री ९:१५

ताई, माझीही झाली. सर्जन साहेबांचं ऐकून दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. आतड्याला सूज आहे, गाठ नाही, औषध चालू केलंय. घरी सगळं सांगितलं. माझ्या दोन्ही भावांना बोटाची तपासणी करून यायला लावलं, आणि आईचं हिमोग्लोबिन उद्या करतोय.